शंभरी कुणाची भरते?

माझा वाढदिवस १ जून. माझ्या वडिलांचा १ जून. दोन्ही चुलत्यांचा १ जून. मोडनिंबच्या आमच्या वस्तीत सगळ्यांनी वाढदिवस करायचा म्हटला तर टेम्पो भरून केक आणावे लागतील. आई पोराचा हात धरून शाळेत न्यायची. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, आषाढीची माणसं परतीला लागली होती तवाचा. गुरुजी मान वर न करता १ जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायला ती तारीख सोयीची. माझ्या आजीला तर तीही तारीख नाही. ती शाळेच्या दारापर्यंतसुद्धा कधी गेली नाही.

म्हणून शताब्दी, सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव असले शब्द कानावर पडले की मला पहिला प्रश्न पडतो : ही शंभरी भरते कुणाची? ज्याच्या जन्माची नोंद आहे त्याची. आणि नोंद ठेवणारा हात कुणाचा होता, हे मित्रांनो, तुम्हाला मी सांगायला नको. वतनाच्या कागदात आमची नावं होती, पण ती कामाला जुंपण्यापुरती. जन्मल्याचं किंवा मेल्याचं सोयरसुतक त्या दप्तराला नव्हतं.

हे आत्ताच का लिहायला घेतलं तेही सांगतो. आमच्या जयंती मंडळाची बैठक झाली. २० मार्च २०२७ ला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात, तर मोडनिंबनं काय करायचं? पहिली सूचना आली, दोन ट्रक करून महाडला जाऊ. दुसरी आली, मोठा फलक लावू, हायवेवरून दिसेल असा. तिसरी डीजेची. मी गप्प होतो. डीजेला शिव्या घालणं फार सोपं आहे, आणि त्या घालणाऱ्यांनी कधी वर्गणी दिलेली मी पाहिलेली नाही. तेवढ्यात मागं बसलेला डिप्लोमाचा एक पोरगा म्हणाला, "दादा, महाडला काय झालं ते सगळ्यांना म्हाईत हाय. आपल्या मोडनिंबात तवा काय चाललं होतं, ते कुणाला म्हाईत हाय का?"

कुणालाच माहीत नव्हतं. चहा आला, बैठक उठली.

त्या पोराचा प्रश्न घेऊन मी घरी आलो, आणि आधी आठवला तो चोखोबा. पंढरपूर आमच्या उशाला आहे आणि त्याच्या पलीकडं मंगळवेढा. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला महारांना कामाला लावलं होतं. ती भिंत ढासळली आणि खाली चोखोबा दबून मेला. परंपरा सांगते ते साल शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. जन्माचं साल कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. एवढा मोठा कवी, पण त्याच्या आयुष्यातली लोकांनी धरून ठेवलेली तारीख कोणती, तर वेठीच्या कामावर मेला ती. नामदेवानं त्याची हाडं पंढरपूरला आणली असं सांगतात. समाधी बांधली ती देवळाबाहेर, नामदेव पायरीच्या समोर.

१९३८ साली चोखोबाच्या मरणाला सहाशे वर्षं भरली. देवळाचं दार त्या सालीही आम्हाला बंद होतं. ते उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षं. या हिशेबाला कुठला महोत्सव म्हणायचं?

पण १९३८ उजाडायच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबर १९३७ ला, पंढरपुरात एक माणूस आला होता. तो देवळाकडं जायला आला नव्हता. मी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यानं दोन वर्षांपूर्वी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात केलेलीच होती. सोलापूर जिल्ह्याच्या दलित परिषदेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब पंढरपूरला आले होते.

माझी आजी त्या गर्दीत होती. मला हे कळलं ते ती अगदी थकल्यावर. म्हणाली, "आंबेडकरसाहेब पंढरपुरात आलते तवा मी नवी नवरी हुते. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं गेलो." तुमच्यातल्या लहानांनी ती गाडी पाहिलेली नसेल. अडीच फुटी रूळ, कुर्डुवाडीहून निघायची, मोडनिंब घेऊन पंढरपूरला जायची. आता तिथं मोठी लाइन आहे. मी आजीला विचारलं, कोणतं साल? तिला साल माहीत नव्हतं. ती म्हणाली, "थंडी लई. ज्वारीची कणसं पोटरीतनं नुकती भाईर पडलेली."

पुढं कधीतरी छापील चरित्रात मी ती तारीख शोधली, आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं शाळूची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. डिसेंबर सरता सरता कणसं पोटरीतून बाहेर पडतात, हुरडा त्यानंतरचा. अंगठा उठवणाऱ्या बाईनं साठ-पासष्ट वर्षांनंतर तारीख अचूक सांगितली होती. फक्त तिचं कॅलेंडर भिंतीवर टांगायचं नव्हतं. आम्हाला तारखा नव्हत्या हे वर मी लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. तारखा होत्या, त्या वाचायला कुणी बसलं नाही.

बाबासाहेब काय बोलले, असं विचारलं. ती म्हणाली, "लांब हुतो. बायकांस्नी ऐकू आलं न्हाई. पर परतताना तुझ्या आज्यानं गळ्यातली माळ काढली नि खिशात टाकली. फिरून घातली न्हाई." घरात तीन पिढ्यांची वारी होती. एका दिवसात ती तुटली. का तुटली? आज्याला कुणी काही बोललं का? वाड्यातली बाकीची माणसं काय म्हणाली? हे मी विचारलं नाही. उद्या विचारू म्हणालो. उन्हाळ्यात म्हातारी गेली.

आता थोडं लांब जाऊ, कारण सोहळा कसा करावा आणि कसा करू नये, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत.

११ मे १८८८. मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली. जोतीराव फुल्यांची साठी पूर्ण झाली म्हणून सत्कार होता. विठ्ठलराव वंडेकरांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं, आणि तेव्हापासून तो शब्द त्यांना चिकटला. पदवी सरकारनं दिली नाही, विद्यापीठानं दिली नाही. मुंबईतल्या लोकांनी आपल्या माणसाला दिली. याच जोतीरावांना १८८५ साली रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं होतं. त्यांनी येणार नाही म्हणून पत्रानं कळवलं. ज्यांच्या ग्रंथात आमच्या माणसांना माणसाची किंमत नाही त्यांच्याबरोबर बसून आमचं काय भलं होणार, असा त्यांचा रोख होता. आजचं मराठी साहित्य संमेलन आपली वंशावळ १८७८ च्या ग्रंथकार संमेलनापासून मोजतं. मोजू दे. आपलं पहिलं दलित साहित्य संमेलन २ मार्च १९५८ चं, दादरचं, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. आपण तिथून मोजू.

सत्कारानंतर दोन-तीन महिन्यांतच जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. त्यांनी डाव्या हातानं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिलं. ते छापून आलं १८९१ साली, ते गेल्यावर. पुढं १९२५ साली पुण्याच्या नगरपालिकेत त्यांच्या पुतळ्याची गोष्ट निघाली तर केवढा गहजब! त्या भांडणातून 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक आलं, जवळकर-जेधे मंडळींवर खटला झाला, आणि अपिलात त्यांच्या बाजूनं बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले आणि जिंकले. पुतळा तेव्हा झाला नाही. पण १९२७ साली, जन्माला शंभर वर्षं होत होती त्याच साली, पंढरीनाथ पाटलांनी लिहिलेलं जोतीरावांचं चरित्र आलं. समग्र वाङ्मय सरकारनं काढायला १९६९ उजाडलं.

दुसरा दाखला रानड्यांचाच, आणि तो प्रत्येक जयंतीच्या वक्त्यानं पाठ करावा असा आहे. १८ जानेवारी १९४३. पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डेक्कन सभेनं रानड्यांची एकशे एकावी जयंती ठेवली आणि भाषणाला बाबासाहेबांना बोलावलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री. दुसरा कुणी असता तर हार घालून, चार गोड शब्द बोलून गाडीत बसला असता. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की माझी-रानड्यांची ओळख नाही. आठवण काय सांगितली? लहानपणी एक दिवस शाळेला सुटी मिळाली. पोरं आनंदात. सुटी कशाची हे विचारलं तर कळलं, रानडे वारले म्हणून. पण रानडे कोण हे ठाऊक नव्हतं, आणि ते जाणून घ्यायची फिकीरही नव्हती.

ही आठवण मला फार मोलाची वाटते. आज १४ एप्रिलला आपल्या गावातली सवर्णांची पोरं सुटी घेतात आणि क्रिकेट खेळतात म्हणून आपण चिडतो. खुद्द बाबासाहेब एकदा तशाच सुटीत खूश झालेले आहेत.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. वडिलांचे कागद चाळताना एक अर्ज सापडला. १८९२ साली लष्करात महारांची भरती बंद करण्याचा हुकूम निघाला, त्याविरुद्ध महार अंमलदारांनी सरकारला केलेला तो अर्ज. चौकशी केल्यावर कळलं की तो लिहून द्यायला रानड्यांनी मदत केली होती. म्हणजे पुण्याच्या सभागृहात, रानड्यांच्या जयंतीला, बाबासाहेबांनी काय ठेवलं? आपल्या बापाच्या गाठोड्यातला कागद. सुभेदार रामजींनी तो कागद जपून ठेवला नसता तर ही गोष्ट कुणाला कळली असती?

पुढचं भाषण म्हणजे तराजू होता. थोर कुणाला म्हणायचं ते आधी ठरवलं, रानड्यांना त्या मापानं मोजलं आणि थोर ठरवलं. पण थांबले नाहीत. शेजारी गांधी आणि जिना यांना उभं केलं, दोघंही हयात आणि लोकप्रियतेच्या शिखरावर. विभूतिपूजेवर सडकून बोलले. वर्तमानपत्रांनी झोडलं. त्यांनी ते भाषण त्याच साली पुस्तक म्हणून छापलं आणि टीकेला प्रस्तावनेत उत्तर दिलं. विभूतिपूजेचा धोका सांगणाऱ्या माणसाची आपण जयंती करतो, हे आपण वर्षातून एकदा तरी आठवावं. मी मंडळात हे बोललो की पोरं म्हणतात, दादा वाकडं बोलतात. बोलतो.

तिसरा दाखला सगळ्यात मोठा. त्यात नुसत्या भाषणाचा नव्हे, पैशाचा आणि पुस्तकाचा प्रश्न होता.

२४ मे १९५६ ही वैशाखी पौर्णिमा. दक्षिणेकडच्या बौद्ध देशांच्या गणनेप्रमाणं बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं होत होती. इतिहासकार काही दशकं इकडंतिकडं करतात, ते सोडा. ब्रह्मदेशात त्यासाठी सहावी संगीती दोन वर्षं चालली होती, ती त्या दिवशी संपली. भारत सरकारनंही बुद्धजयंतीचा मोठा घाट घातला. राधाकृष्णन समितीचे अध्यक्ष. टपालाची तिकिटं निघाली. त्या पैशातून विद्वत्तेचं कामही झालं, ते नाकारणं खोटेपणा होईल : नालंदाला भिक्षू जगदीश काश्यपांच्या हाताखाली पाली त्रिपिटक नागरी लिपीत ४१ खंडांत काढायचं काम सुरू झालं, आणि आपल्या पुण्याच्या पु. वि. बापटांनी अडीच हजार वर्षांच्या बौद्ध धर्मावर ग्रंथ संपादित केला.

आणि त्याच वेळी दिल्लीत अलीपूर रोडवर एक आजारी माणूस बुद्धावरचं आपलं पुस्तक पुरं करून बसला होता. छपाईचा खर्च झेपत नव्हता. १४ सप्टेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं : सरकारनं या पुस्तकाच्या पाचशे प्रती घ्याव्यात, त्या ग्रंथालयांना आणि जयंतीसाठी येणाऱ्या विद्वानांना वाटाव्यात. नेहरूंचं उत्तर दुसऱ्याच दिवशीचं. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, तुमचं पत्र राधाकृष्णन यांच्याकडं पाठवतो, जयंतीच्या सोहळ्यात पुस्तक विक्रीला ठेवता येईल. भाषा सभ्य आहे. उत्तर तत्पर आहे. पण रक्कम संपली होती!

पाचशे प्रती. आज आपल्या एका तालुक्याची जयंती एवढ्या प्रतींच्या किमतीचे फटाके एका रात्रीत उडवते, हेही इथंच लिहून ठेवतो. नुसत्या नेहरूंच्या नावानं बोटं मोडून भागणार नाही.

पत्राची तारीख पुन्हा बघा. १४ सप्टेंबर. त्यानंतर बरोब्बर महिन्यानं, १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. २४ मेच्या बुद्धजयंतीला मुंबईत नरे पार्कवर बाबासाहेबांनी ती जाहीरच केली होती. सरकारच्या समितीकडं अडीच हजार वर्षांचा बुद्ध होता, तिकिटावरचा, ग्रंथातला. बाबासाहेबांनी त्याच वर्षात तो जिवंत माणसांत आणला. ६ डिसेंबरला ते गेले. पुस्तक छापून आलं १९५७ साली, सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे. लेखकाच्या हातात ते पडलंच नाही.

पुढचे सोहळे तुम्हाला ठाऊक आहेत. १९९० ला जोतीरावांची स्मृतिशताब्दी आणि लगेच १९९१ ला बाबासाहेबांची जन्मशताब्दी. भारतरत्न, संसदेत तैलचित्र. मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा वसंत मून यांनी संपादित केलेले सरकारी खंड मोठे. पहिला १९७९ चा. २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा दगड आले, हेही आपण पाहिलं. आपला इतिहास आपण मोठ्यानं मोजायला लागलो की काहींना तो सोसत नाही. २०२० साली 'मूकनायक'ची शंभरी झाली, अण्णा भाऊंचीही त्याच साली १ ऑगस्टला, आणि अण्णा भाऊंची कोरोनानं गिळली.

पण आमच्या अगदी जवळची एक शंभरी आम्हीच गिळली. मे १९२४ मध्ये मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती ती बार्शीत, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती त्याच्यानंतर, २० जुलैला. महाडच्या तीन वर्षं आधी बाबासाहेब आमच्या शेजारच्या तालुक्यात येऊन गेले होते. २०२४ चा मे आला आणि गेला, आमच्या वस्तीत कुणी तोंडातून बार्शी काढलं नाही. मीही नाही. मला हे लिहायला बसल्यावर आठवलं.

दुसरी बैठक झाली तेव्हा मी हे सगळं बोललो नाही, इतका वेळ कोण देतो. मी फक्त आज्याच्या माळेची गोष्ट सांगितली. आणि महाडचं एक सांगितलं : तळ्याला हात लावला २० मार्च १९२७ ला, मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळं शुद्ध करून घेतलं, कोर्टकचेरी सुरू झाली, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. एका दिवसाच्या मागं दहा वर्षं होती. ती दहा वर्षं गावोगावच्या माणसांनी कशी काढली ते कुठल्या फलकावर मावत नाही.

वाद झालाच. एकजण म्हणाला, म्हाताऱ्यांच्या गप्पा लिहून काय इतिहास होतो का? दुसरा म्हणाला, पैसे कशाला लागतात त्याला, मोबाइल आहे की. शेवटी ठरलं ते असं : महाडला एक ट्रक जाईल, दोन नाही. डीजे राहील, एकच रात्र. दुसऱ्या ट्रकच्या पैशातून वह्या, आणि गोळा होईल त्याची एक पुस्तिका, मार्च २०२७ च्या आत. तरुणांनी दोन-दोनच्या जोडीनं घरोघर जायचं. जन्मतारीख विचारायची नाही, कारण उत्तर १ जून येतं. पीक विचारायचं, दुष्काळ विचारायचा, कुणाचं लग्न कधी झालं ते विचारायचं. कागद मागायचे : जुनी रेशनकार्डं, मिलची हजेरीपत्रकं, लग्नाच्या पत्रिका, परिषदांची हँडबिलं. ऐकलं तसं लिहायचं, शुद्ध करायचं नाही.

पहिली जोडी मागच्या रविवारी स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या एका म्हातारीकडं गेली. डिप्लोमाचा पोरगा त्यात होता. वही माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात असं आहे : "आमच्या घरातले देव माझ्या आईनं पाटीत घातले. खंडोबा, मरीआई, समदे. मी मागनं चालले हुते. हिरीत टाकले. आवाज झाला. मी रडले, देव बुडले म्हून. आई म्हनली, बुडू दे. भुईमूग उपटायला आलता, आमची बाकीची मानसं रानात हुती."

भुईमूग आमच्याकडं ऑक्टोबरात निघतो. म्हणजे महिना मिळाला. ५६ चा ऑक्टोबर की ५७ चा, ते अजून लागायचं आहे. पोरगा येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. तिच्या धाकट्या भावाचा जन्म त्या आधीचा की नंतरचा, एवढंच विचारून यायचं आहे.